पऱ्यापलीकडची इंदूआते

आमच्या गावात ग्रामसभेचं आवतण अक्षता देऊन येतं.

थट्टा करत नाही. चिपळूणची मास्तरकी संपवून मी आणि बायको गावच्या घरी राहायला आलो, त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. सकाळी अंगणात सत्तरीची एक काटक, सावळी बाई येऊन उभी राहिली. अंगावर कडक इस्त्रीचं फिकं पातळ, हातात पितळी वाटी, वाटीत हळद लावलेले तांदूळ. त्यातले चार दाणे बायकोच्या हातावर ठेवत म्हणाली, "उद्या सकाळी शाळेत. सगळ्यांनी यायचा. मागं घरात कोण ऱ्हायला आसा होता नये."

बायको हरखली. गावात पाऊल टाकत नाही तोच शुभकार्य! तिनं विचारलं, "कुणाकडचं कार्य हो?"

"गावाकडचा," बाई म्हणाली आणि पुढच्या घराकडे चालू लागली. दुसऱ्या दिवशी बायकोनं ठेवणीतली साडी नेसली, मला कडक सदरा घालायला लावला, आणि आम्ही नारळ नि आहेराचं पाकीट घेऊन शाळेत गेलो. तिथे ना मांडव, ना वाजंत्री. ग्रामसेवक टेबलामागे बसून मोबाइल बघत होता, आणि समोरच्या सतरंजीवर मागे थोडी मंडळी आणि पहिल्या रांगेत एकटी ती कालची बाई बसली होती. नारळ बघून ती खूश झाली. "आणलास ता बरा केलास, वसंता. फोडूया," म्हणाली, आणि आमच्या नारळानं त्या दिवशीची ग्रामसभा सुरू झाली. पाकीट मी हळूच खिशात घातलं.

ही इंदूआते. खरं तर ती माझी आते नाही. कुणाचीच सख्खी आते ती आता गावात उरलेली नाही. लग्न होऊन खाली किनाऱ्याकडच्या गावात गेली, दोन पावसाळ्यांत नवरा वारला आणि परत माहेरी आली. त्यामुळे माझ्या वडिलांच्या पिढीची ती बहीण झाली आणि पुढच्या सगळ्यांची आते. भाऊ मुंबईला गेले, भावांची मुलं मुंबईच्याही पुढे कुठे कुठे गेली, आणि आते घर राखत राहिली.

हे घर पल्याडवाडीत. आमच्या गावाच्या एका अंगानं पऱ्या वाहतो. पऱ्या म्हणजे ओढाच, पण पावसाळ्यात त्याला ओढा म्हटलं तर तो रागावेल असा. त्याच्या पलीकडे पाच घरांची पल्याडवाडी. त्यांतली चार घरं बंद, आणि चारही घरांच्या किल्ल्या आतेच्या कमरेला. ती चालत आली की आधी किल्ल्या ऐकू येतात, मग आते दिसते.

आता तिच्या बोलण्याविषयी सांगायला हवं, कारण तसं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. इतक्या ग्रामसभांना बसून बसून आतेची भाषाच सभेची झाली आहे. आमच्याकडे आली की पडवीत टेकता टेकता म्हणणार, "चाय घ्यावी आसा ठराव मी मांडत्ये. सुनबाय, तू अनुमोदन दे." बायकोनं अनुमोदन दिलं की माझ्याकडे बघून, "इरोध कोणाचा नाय ना? मंजूर." एकदा मांडवीहून टेम्पोत मासे घेऊन येणाऱ्या बाईशी बांगड्यांवरून तिची घासाघीस चालली होती. बाई काही केल्या खाली येईना. तेव्हा आतेनं टोपलीवर झाकण ठेवलं आणि जाहीर केलं, "सभा तहकूब. परवा ये."

पण तिचा सगळ्यात आवडता शब्द वेगळाच. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत अगदी शेवटी एक ओळ असते, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय. ज्यांना काही मनातलं बोलायचं असतं ते या ओळीची वाट बघत बसतात. आतेनं ती ओळ संसाराला लावली होती. अवचित पाहुणा आला, आयत्या वेळचा विषय. गाय रात्रीत व्याली, आयत्या वेळचा विषय. एकदा बायकोनं जरा बिचकतच तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं, तर ती वाल सोलता सोलता म्हणाली, "बरा व्हता गो. हसरा व्हता. ताप काय आला आन् गेला काय. तो पन आयत्या येळचाच इषय." आणि पुन्हा वाल सोलू लागली.

ग्रामसभेची आमच्याकडे एक गंमत आहे. सभेला ठरावीक माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला मात्र माणसांची अट नसते. हा कायदा गावात शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळे आतेच्या अक्षता सुरू होईपर्यंत पहिल्या सभेला कोणी जातच नसे. "आज काय, तहकूबच होनार," म्हणून निवांत आंब्याच्या कलमांना आळी करत बसायचं, आणि दुसऱ्या सभेला "अट नाय तर आपन कशाला?" म्हणून पुन्हा कलमांकडे जायचं. गावाचा आराखडा मग सरपंच, ग्रामसेवक आणि शिपाई मिळून करत. हे आतेला फार लागायचं. "लग्नाला माणसा नसली तर भटजी काय भितीकडं बघून मंगलाष्टका म्हंतो?" ती ग्रामसेवकाला विचारायची. तो बिचारा मान खाली घालायचा.

मला उत्सुकता होती ती वेगळ्याच गोष्टीची. दवंडी असते, फळ्यावरची सूचना असते, हल्ली मोबाइलवर निरोपही येतो. मग अक्षता कशाला? गावात विचारलं तर जो तो वेगळं सांगे. एक म्हणाला, कुणा बुवानं सांगितलंय. दुसरा म्हणाला, म्हातारीला नाद आहे. सरपंच दत्ताभाऊ म्हणाले, "आवो, अक्षता हातात पडली की माणूस येतो. नाय आला तर त्यालाच कसातरी वाटता." हे खरं होतं. आते आवतण द्यायला लागल्यापासून निम्मी सतरंजी तरी भरू लागली होती. पण माझं समाधान होईना. शेवटी एका संध्याकाळी बायकोनंच सरळ विचारलं.

आते हसली. "अगो, लग्नाची अक्षता माज्या हातात कोण दील? पंचवीस वर्साची व्हते मी माघारी आले तवा. त्या दिवसापास्ना कुनाच्या कार्याचा आवतण द्यायला मला कोन धाडलान नाय. पुढं हो आसा पन कोन म्हटलान नाय. सभेला सवाष्ण नाय, विधवा नाय, सगळ्यांची सही एका कागदावं. मंग म्हटला, हा आपला कार्य."

बायकोनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी आपला उगाच दिव्याची वात सारखी करत बसलो. उत्सुकता पुरी झाली की माणसाला बरं वाटायला हवं, मला काही बरं वाटलं नाही.

आतेची सभेत मागणी एकच असायची. पऱ्यावर साकव हवा. साकव म्हणजे चालत जाण्यापुरता लहानसा पूल. तिथे तोवर माडाची दोन खोडं आडवी टाकलेली असत. उन्हाळ्यात त्यांवरून जाता यायचं, पावसाळ्यात पहिल्या मोठ्या लोंढ्याला ती वाहून जायची आणि मग भाद्रपद सरेपर्यंत आते पलीकडे आणि गाव अलीकडे. मध्येच तिला यायचं झालं तर वरच्या रानातून मोठा वळसा. त्या वळशानं यायची तीच एकटी, तिच्याकडे त्या वाटेनं कोणी जात नसे.

मागणी एक, पण कारण दर सभेला नवीन. एकदा म्हणे, पल्याडवाडीची मुलं शाळेत कशी येणार? ग्रामसेवकानं विचारलं, मुलं कुठायत? "साकव झाला की येतील," आते म्हणाली. एकदा गॅसची टाकी, एकदा मतदानाची पेटी, एकदा गुरांचा डॉक्टर. एकदा तर तिनं चक्क वाघाचं कारण दिलं. "वाघ आला तर मी पळू कुठनं?" दत्ताभाऊ म्हणाले, "आते, साकव झाला तर वाघ पन हकडं येल की." सभा हसली. आतेही हसली, पण विषय लिहून घेतल्याशिवाय काही उठली नाही.

साकव व्हायचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. उघडं घर एक. एका घरासाठी कोण साकव बांधतो? शिवाय वरच्या वाडीला पाखाडी हवी होती, म्हणजे डोंगरउतारावरची चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. वरच्या वाडीत घरं भरपूर, मतं भरपूर, आणि सरपंच दत्ताभाऊ तिथलेच. त्या सालीही आराखड्यात पाखाडीच जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

तेवढ्यात पंचायत समितीकडून एक साहेब आले. तरणे, हसतमुख, घाटावरचे. त्यांनी सांगितलं की आता आराखडा खोलीत बसून करायचा नाही, लोकांनी करायचा. शाळेच्या अंगणात रांगोळीनं अख्खा गाव काढायचा, घरं, विहिरी, देऊळ, रस्ते. मग प्रत्येकानं त्या नकाशात चालत जायचं आणि जे काम आधी व्हावं असं वाटतं तिथे एक बी ठेवायची. बी कसली, तर काजूची. घराघरांत साठवणीतली काजूबी असतेच.

रांगोळीला आते आणि अंगणवाडीची ताई बसल्या. काय सुरेख गाव काढला म्हणून सांगू! मधोमध देऊळ, त्याला कळस, त्याला लागूनच वरची वाडी, पाखाडीची जागा गेरूनं, कलमांचे हिरवे ठिपके, निळा पऱ्या थेट शाळेच्या पायरीपर्यंत आलेला. आणि तिथे अंगण संपलं. पल्याडवाडीला जागाच उरली नाही. साहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की आजी, एवढं चालतंय." आते म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कसा? पऱ्यापल्याड काय दर्या हाय?" आणि तिनं शाळेच्या पायरीवर पाच घरं काढली. निळ्या पऱ्यावर दोन पांढऱ्या रेघा ओढल्या. तो साकव.

मग साहेबांनी टाळी वाजवली. "चला मंडळी, या आत! नकाशात चाला!"

कोणी हलेना.

साहेबांना वाटलं, लाजतायत. त्यांनी पुन्हा बोलावलं. कुणीतरी चपला काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या, आणि अनवाणी सगळे पुन्हा होते तिथेच उभे. कारण मधल्या देवळावर जास्वंदीचं फूल होतं आणि सबंध रांगोळीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. आता हळदकुंकू वाहिलेल्या रांगोळीत पाय कोण घालणार? आमचे म्हातारे गुरव हात जोडून म्हणाले, "सायब, आख्खा जलम त्या देवळाचा झाडलोट केला. आता त्याच्यावर पाय ठेवू?" साहेब म्हणाले, अहो ती नुसती पांढरी पूड आहे. ऐकून दोन बायकांनी कपाळाला हात लावला.

पण बी तर ठेवायची होती. मग लोकांनी आमच्या पद्धतीनं मार्ग काढला. जिथे हात पोचेल तिथे ठेवायची. कडेनं फिरून जो तो वाकून बघायचा, मधल्या पाखाडीपर्यंत काही हात पोचायचा नाही, आणि शेवटी शाळेच्या पायरीपाशी येऊन तिथे ठेवून द्यायचा. म्हाताऱ्याकोताऱ्या तर पायरीच्या वरच बसल्या होत्या, त्यांनी बसल्या जागी हात खाली सोडले. दत्ताभाऊ हुशार. त्यांनी लांबून नेम धरून पाखाडीवर बी फेकली. ती पाखाडीवर पडली, पण अंगणाला पायरीकडे उतार आहे. बी घरंगळत घरंगळत आली आणि पऱ्यात जाऊन थांबली.

मोजायची गरजच नव्हती. साकवापाशी काजूंची रास झाली होती.

साहेब गडबडले. पुन्हा घेऊया, म्हणाले, या वेळी कागदावर. तेव्हा गुरव उभे राहिले. आमच्याकडे देवाला तांदूळ लावून कौल घेतात. पडला तो पडला, मनासारखा नाही म्हणून पुन्हा विचारत नाहीत. गुरव म्हणाले, "कौल झाला, सायब. कौल परत लावीत नाय." सगळ्यांच्या माना दत्ताभाऊंकडे वळल्या. ते एकदा राशीकडे बघून म्हणाले, "होऊ दे. पाखाडी फुडच्या सालाला." मला तो माणूस तेव्हापासून आवडतो. साहेबांनी फोटो काढले, आणि मंडळींनी शाळेमागे जाळ करून मतं भाजून खाल्ली.

जाताना मी आतेला गाठलं. "आते, खरं सांग, रांगोळीवर हळदकुंकू मुद्दाम वाहिलंस ना?"

"मी? मला तुमी वाहू देताव?" तिनं डोळे मोठे केले. "ता अंगणवाडीच्या बायनं वाह्यलान."

अंगणवाडीच्या ताईला विचारलं. ती म्हणाली, "मीच वाहिलं, पण हळदकुंकवाची कुयरी आतेंनी आणली होती घरून. म्हणाल्या, गाव मोकळा बरा नाही दिसत." मी पुन्हा आतेकडे जाऊन विचारायचं टाळलं. काही गोष्टींत उत्सुकता राहिलेलीच बरी.

शिमगा झाला आणि काम सुरू झालं. आते रोज पऱ्याच्या काठावर दगडावर बसून असायची. गवंड्याला चहा द्यायची, सिमेंटवर पाणी मारायची, लोखंडी कठड्याला रंग कुठला द्यायचा यावर तिनं ठरावही मांडला होता. पाऊस यायच्या आत साकव उभा राहिला. उद्घाटनाला दत्ताभाऊंनी फीत कापली, आम्ही सगळे साकवाच्या मध्यापर्यंत गेलो, फोटो काढले आणि मागे फिरलो, कारण पंचायतीत जिलेबी होती. आते पलीकडच्या टोकाला उभी राहून हात हलवत होती. आम्हीही हलवले.

मग आला पंधरा ऑगस्ट. झेंडावंदनानंतर ग्रामसभा. आदल्या दिवशी आते आली नाही. दुपारपर्यंत बायको वाट बघत होती. सकाळी झेंड्यालाही आते दिसली नाही तेव्हा बायको म्हणाली, "जाऊन बघा. एकटं माणूस आहे. पडली-बिडली नसेल ना?" सभा सुरू व्हायची होती, मी तसाच निघालो.

पऱ्या दोन्ही काठ भरून, लाल, घोंघावत चालला होता. साकवावरून मी पलीकडे गेलो. पल्याडवाडीत मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. वाटेवरची बंद घरंही झाडलेली होती, त्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरू दिलेलं नव्हतं. शेवटचं घर आतेचं. दार सताड उघडं. पडवीत चटया अंथरलेल्या, एक-दोन नव्हे, चांगल्या चार-पाच, भिंतीला धरून ओळीनं. कोपऱ्यात स्टोव्ह, स्टोव्हशेजारी पालथे घातलेले कप. आणि खांबाला टेकून, कडक इस्त्रीचं पातळ नेसून, आते वाटेकडे तोंड करून बसलेली.

मी धापा टाकत विचारलं, "आते, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरल्ये?"

"मग सभेला का नाही आलीस? आवतण पण नाही!"

तिनं चटईवरची नसलेली धूळ पदरानं झटकली आणि मला बसायची खूण केली. मग म्हणाली, "इतकी वर्सा मीच येत व्हते, वसंता. तुमी कोन येत नव्हतेव. मी मनाला सांगायची, पऱ्याला पानी हाय, खोडा गेली व्हावून, येतील कशी बापडी? त्यांचा मन हाय, पन वाट नाय. तेवढ्यावं माजा चाललेला." तिनं साकवाकडे बघितलं. "आता वाट झाली. पाऊस लागल्यापास्ना हतंच बसून असत्ये. रोज चटया घालत्ये आन् रोज उचलत्ये."

पऱ्याचा आवाज येत होता.

"साकव झाल्यावं तू पयला आलास," ती म्हणाली. "तो पन मी मेले का जिती ता बघाया."

तिनं स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आलं ठेचलं. सगळं अगदी सावकाश, लवकर संपू नये असं. पलीकडून शाळेच्या कर्ण्यावरून दत्ताभाऊंचा आवाज तुटक तुटक ऐकू येत होता. आम्ही चहा प्यायलो. तिनं भावांच्या मुलांबद्दल सांगितलं, कुणाला मुलगी झाली, कुणी घर घेतलं. मी ऐकत होतो. कप खाली ठेवून सवयीनं मी उठायला लागलो, तशी तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस रे वायच. आता साकव काय व्हावून जात नाय."

मी बसलो. मग खिशातून मोबाइल काढला आणि बायकोला सांगितलं, सभा आटोपली की मंडळींना घेऊन इकडे ये.